डावरी राणी

लोक मला भोचक म्हणतात. मी त्याला जिज्ञासा म्हणते, कारण मी शाळेत इतिहास शिकवते आणि तेवढा एक शब्द वापरायचा मला हक्क आहे. आमच्या अक्कलकोटच्या घरी आई म्हणायची, गिरिजेला कुणाकडे न्यायचं तर आधी त्यांना फडताळांना कुलपं घालायला सांगावं. चौऱ्याहत्तर साली सोलापुरात जे घडलं त्याला माझं हे लांब नाक बरंचसं जबाबदार होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

आमचं एक चित्रपट मंडळ होतं. सभासद तेवीस, नेमाने येणारे नऊ, आणि चिटणीस मी. महिन्यातून एकदा शाळेच्या सभागृहात लहान यंत्रावर कुठलं तरी नावाजलेलं चित्र दाखवायचं आणि मग चहा पीत त्यावर भांडायचं, एवढाच आमचा उद्योग. त्या वर्षी पुण्याहून एक जुना मूकपट मिळणार असल्याचं पत्र आलं. एका गढीच्या राणीची गोष्ट. राजा लढाईत पडतो, दिवाण फितूर होतो, आणि शेवटी राणी स्वतः तलवार उपसून दरवाजात उभी राहते. पहिलं रीळ अर्धं जळालेलं, त्यामुळे चित्राचं नावच गेलेलं. आम्ही पत्रकावर ‘एक जुना मूकपट’ एवढंच छापलं.

हा मूकपट जुन्या पद्धतीने, समोर वाद्यं वाजत असताना दाखवायचा, हे खूळ माझं. शहरातल्या म्हाताऱ्यांना विचारत सुटले, तर प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव आलं, मास्टर सोमलिंग. अठ्ठावीस साली मैदानातल्या तंबूत हेच राणीचं चित्र महिनाभर चाललं होतं. मास्टर सोमलिंग पडद्यामागे बसून पेटी वाजवायचे आणि त्याच वेळी चित्रातल्या मजकुराच्या पाट्या मराठीत आणि कानडीत खणखणीत आवाजात म्हणायचे. एक माणूस, दोन भाषा आणि वर पेटी! खेळ संपला की पडद्यामागून बाहेर येऊन हात जोडायचे आणि लोक टोप्या उडवायचे. याच नावलौकिकावर पुढे त्यांना शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी लागली आणि तीस वर्षं त्यांनी ती केली. अजूनही बाळीवेशीच्या रस्त्याने ते निघाले की माणसं बाजूला होऊन वाट देत.

मी त्यांच्या घरी गेले. सहासष्ट वर्षांचे, धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळावर विभूती. माझं बोलणं ऐकून घेताना ते खूश झाले आणि घाबरलेही. खूश होणं मला समजलं. घाबरले का ते समजेना, आणि जे समजत नाही ते मला झोपू देत नाही.

“वाजवू की,” ते म्हणाले. “पन पेटी पडद्यामागंच ऱ्हाईल. पडदा पातळ कापडाचा पायजे, आन त्याला पानी मारून ओला ठेवायचा. म्हंजी मागनं चित्र दिसतंय. तालीम न्हाय. आन पानी मारायला माजी भन येईल.”

ही बहीण म्हणजे काशम्मा. बासष्टीची, बारीक अंगाची, उंबऱ्याशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी मास्तरांना थोडं वाजवून दाखवा म्हटलं. त्यांनी पेटीवरचं फडकं काढलं आणि शाळेतली एक प्रार्थना वाजवली. सूर बरोबर होते, पण कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. लोकांनी टोप्या उडवल्या त्या याच्यासाठी?

मग माझी नजर भात्यावर गेली. पेटी वाजवणारा माणूस डाव्या हाताने भाता मारतो आणि उजव्याने स्वर दाबतो. सोमलिंग मास्तरही तसंच वाजवत होते. पण त्या जुन्या पेटीच्या भात्याचं लाकूड डाव्या टोकाला कोरं होतं आणि उजव्या टोकाला बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. उजव्याच टोकाला.

काशम्मांनी चहा आणला. कप डाव्या हातात होता, माझ्याजवळ येताच त्यांनी तो घाईने उजव्या हातात घेतला आणि थोडा सांडला. “ल्हानपनी लई मार खाल्लाय या हातापायी,” त्या हसून म्हणाल्या. मग एकदम खाली वाकून त्यांनी विचारलं, “बाई, ते चित्र तेच न्हवं? राणी डावरी हाय ते? तलवार डाव्या हातानं उपसती?”

“मी अजून बघितलं नाही. तुम्ही बघितलंय?”

“बघितलंय की. म्हैनाभर. रोज.”

“काशी,” मास्तर मोठ्याने म्हणाले, “बाईंना चहा दे.”

चहा माझ्या हातातच होता.

चित्र आलं तेव्हा हुसेनभाईंनी आणि मी ते आधी भिंतीवर लावून बघितलं. हुसेनभाई आमचं यंत्र चालवायचे. डब्यांची अदलाबदल झालेली, त्यामुळे शेवटचं रीळ आधी निघालं. दिवा लागला आणि पाटी आली, तिची सगळी अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी. त्या उलट्या चित्रात राणी आली आणि तिने डाव्या हाताने तलवार उपसली.

“अरे, उलटा चढ गया!” हुसेनभाईंनी यंत्र थांबवलं. “जुनी रिळां, बाई. दोनों बाजू से भोकां हैं, कैसा भी बैठता.” त्यांनी रीळ पालथं करून पुन्हा लावलं. पाटी वाचता आली. राणी आली, आणि आता तलवार तिच्या उजव्या हातात होती.

मी खुर्चीतून उठलेच. “हुसेनभाई, पडद्याच्या मागच्या बाजूने बघितलं तर कसं दिसतं?”

“ऐसाइच. पैले दिखा वैसा, उलटा. मेरे बावा बोलते थे, तंबू में मर्दां सामने बैठते, औरतां पडदे के पीछे. औरतां पूरा पिक्चर उलटाइच देखती थीं.”

झिजलेला भाता, डावा हात, डावरी राणी. इतिहासात इतके सरळ पुरावे मला कधी मिळाले नव्हते. पुढच्या सोमवारी सोमलिंग मास्तर सिद्धेश्वराला गेलेले बघून मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. शोभण्यासारखी गोष्ट नव्हती, पण गेले. काशम्मांना म्हटलं, “पेटी तुम्ही वाजवत होता.”

त्यांनी नाकारलं नाही. त्या शेंगा बाजूला सारून बसल्या. “काम अण्णाला मिळालं हुतं. त्येला भजनाच्या चार चाली येत हुत्या, चित्राबरूबर बोटं पळत न्हवती. मी सोळा वर्साची. बायका मागं बसायच्या, मी बी त्यांच्यात जाऊन बसले, आन पेटी वढून वाजवाया लागले. अण्णा बाजूला हुबा ऱ्हाऊन पाट्या म्हनायचा. म्होरल्या बाप्यांना वाटायचं समदं तोच करतोय. आमी बी वाटू दिलं. पोरगी तंबूत पेटी वाजवती म्हटलं असतं तर आप्पानं दोगांचे बी पाय मोडले असते.”

“आणि नंतर?”

“नंतर बोलपट आला. पेटी मिटली. पन अण्णाची नोकरी, त्येचा मान, समदं त्याच नावावर हुबं ऱ्हायलं. तवा बाई, तुमी ह्ये कुटं बोलायचं न्हाय.” मग त्यांनी एक शेंग उचलून फोडली. “मला फकस्त त्या राणीला बघत येकदा वाजवायचंय. घरात समदे माज्या हातावर फटके द्यायचे. जेवाय बसलं की फटका, चूल पेटवाय गेलं की फटका. आन तितं येवढी मोटी राणी, हजार मानसांसमोर डावा हात वर करायची. कुनी तिला काय बोलत न्हवतं. तिला बघून मी पेटीवर डावा हात टाकला. तवापास्नं हा हात मला कदी वंगाळ वाटला न्हाय.”

राणी डावरी नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी आयुष्यात फार कमी वेळा तोंड मिटून घरी गेले आहे. त्या दिवशी गेले.

आता पडदा. पातळ, बिनजोडाचं, सात-साडेसात फुटी कापड सोलापुरात नाही मिळणार तर कुठे? साखर पेठेत लक्ष्मय्या नावाचे पद्मशाली विणकर होते, त्यांच्याकडे चादरींचा रुंद माग होता. मी त्यांना तीनदा सांगितलं की कापड पातळ हवं, आरपार उजेड गेला पाहिजे. त्यांनी तीनदा मान डोलावली. खेळ रविवारी संध्याकाळी साडेसहाचा. कापड रविवारी चार वाजता आलं, लक्ष्मय्या स्वतः खांद्यावर घेऊन आले, आणि त्यांचा खांदा वजनाने पार कलला होता.

मी हात लावला. पांढरं शुभ्र, बिनजोडाचं, कडा सुरेख, आणि जाड. असं जाड की थंडीत अंगावर घेऊन झोपावं.

“लक्ष्मय्या, मी पातळ सांगितलं होतं.”

“सांगितलं, अम्मा. पातळच घातलो पहिल्यांदी. दोन हात विणलं, बघितलो, मच्छरदाणीसारखं झालं. चारशे माणूस बघणार, अम्मा. काय म्हणणार? लक्ष्मय्या सूत खाल्ला म्हणणार!” त्यांनी अभिमानाने कापडाची कड माझ्या बोटांत दिली. “बघा कसं ठोकलंय. सुई जाणार नाही.”

सुई जाणार नाही म्हटल्यावर उजेड तरी कुठून जाणार? पण मला त्यांच्यावर रागावताही येईना. गावाचं नावच ज्या चादरीवर चालतं ती विणणाऱ्या माणसाला मी मुद्दाम विरळ वीण कर म्हणत होते, आणि त्याच्या हातांनी ते ऐकलं नव्हतं. दुसरं कापड आणायला वेळ नव्हता. पाणी मारल्यावर दिसेल काहीतरी, अशी मनाची समजूत घालून मी तो पडदा टांगून घेतला. या मूर्खपणाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सहाला सभागृह भरायला लागलं. आमचे नऊ सभासद पहिल्या रांगेत. मागे गिरणीतली माणसं, शिक्षक, मास्तरांचे जुने विद्यार्थी. डावीकडे बायकांच्या रांगांत पुष्कळ म्हाताऱ्या नऊवारीत आलेल्या, एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या. पडद्यापुढे एका कडेला तबलजी आणि लग्नाच्या बँडमधले क्लॅरोनेटवाले मडिवाळप्पा बसले होते. पेटी पडद्यामागे. सोमलिंग मास्तर टाळ्या घेत हात जोडून मागे गेले, आणि काशम्मा पाण्याची बादली घेऊन त्यांच्या पाठोपाठ. बादलीकडे कुणी बघितलंही नाही.

दिवे गेले. यंत्र घरघरू लागलं. राणी आपल्या बाळाला पाळण्यात घालत होती, आणि पडद्यामागून घोडदौड सुरू झाली. धडधडत, जोरात. वर मास्तरांचा आवाज, “शत्रू वेशीपाशी आला!” मडिवाळप्पांनी चित्राकडे बघितलं, पेटी ऐकली, आणि क्लॅरोनेट तोंडातून काढलं. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, “मास्तर, पोर झोपतंय!” आणि अख्खं सभागृह हसलं.

चित्राच्या सुरुवातीची घोडदौड पहिल्या रिळाच्या जळालेल्या अर्ध्यात गेली होती. पडद्यामागे बसलेली दोघं जुन्या आठवणीने गोष्ट मोजत होती आणि चित्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. मी पडद्यामागे धावले.

तिथे काळोख होता. बादली रिकामी, पडदा पिऊन पिऊन जड झालेला, खालून पाणी निथळत होतं, आणि त्या ओल्या भिंतीसारख्या कापडावर काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. मी बॅटरी लावली. काशम्मा पेटीपुढे मान वर करून बसल्या होत्या, डावा हात स्वरांवर, डोळे कापडावर लावलेले.

“ती दिसत न्हाय, बाई,” त्या म्हणाल्या. एखाद्या लहान मुलीच्या आवाजात.

मास्तर घामाने भिजले होते. बाहेर पुन्हा हशा झाला. काशम्मांनी पेटीवरून हात उचलला आणि भावाकडे वळल्या. “अण्णा, भाईर जाऊन सांग, पेटी बिघडली म्हनून. मानसं तशीच बघतील. तुजं काय बी जात न्हाय.”

“आन तुजं?”

“माजं काय? मी बघितलंय की तिला. म्हैनाभर.”

‘माजं काय’ हे खोटं होतं आणि आम्हा तिघांनाही ते कळत होतं. पेटी बाहेर नेऊन समोर बसल्याशिवाय आता वाजवता येणार नव्हतं. आणि समोर कोण बसतंय ते चारशे माणसांना दिसणार होतं. मास्तरांनी स्वतः बसून प्रार्थनेची चाल वाजवली असती तरी वेळ निभावली असती. पेटी बिघडली म्हटलं असतं तरी निभावली असती. तीस वर्षांची नोकरी, रस्त्यावर वाट देणारी माणसं, हे सगळं त्या निथळणाऱ्या पडद्याच्या मागे सुरक्षित होतं. मी एक अक्षर बोलले नाही. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा.

सोमलिंग मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली. खाली वाकले, पेटी उचलून छातीशी धरली आणि म्हणाले, “बा, काशी.” ये, असं कानडीत. लहानपणी हाक मारत असतील तसं.

“अण्णा, नगं.”

“बा म्हनलं न्हवं?”

ते पडद्याच्या कडेने पुढे निघाले. यंत्राचा झोत त्यांच्या कोटावर पडला, राणीच्या महालाचे खांब क्षणभर त्यांच्या पाठीवर हलले. त्यांनी पेटी सतरंजीवर ठेवली, तोंड पडद्याकडे करून. मागे वळून बहिणीला हाताला धरून आणलं आणि बसवलं. मग लोकांकडे वळले. हुसेनभाईंनी यंत्र थांबवलं नाही, त्यामुळे बोलताना मास्तरांच्या चेहऱ्यावरून घोडे पळत होते.

“ऐका,” ते म्हणाले. आवाज अजून खणखणीत होता, पण कापत होता. “अठ्ठावीस साली पेटी मी वाजवली न्हाय. हिनं वाजवली. काशम्मानं. मी नुसता पाट्या म्हनत हुतो. नाव माजं झालं, आन मी ते ठिवून घेतलं. सेहेचाळीस वर्सं.”

मास्तरांचे जुने विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं आता कुणीतरी उठून काहीतरी वाईट बोलणार. एवढ्यात डावीकडच्या रांगांतून एका म्हातारीचा चिरका आवाज आला.

“सोमलिंगा, खाली बस की रे! आमाला ठावं हाय!”

“ईरम्मा हाय का ती?” मास्तर अंधारात डोळे ताणून म्हणाले.

“मीच. आमी समद्या मागंच बसायचो न्हवं का? हिच्या मांडीला मांडी लावून! काशे, आता वाजीव ग बाई, घोडं कवाचं आलंय!”

आणि मग जे हसू फुटलं ते निराळंच होतं. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, गिरणीवाले टाळ्या पिटत होते. निम्म्या सोलापूरला सेहेचाळीस वर्षं माहीत होतं आणि एकीनेही आपल्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं! मी स्वतःला शोधक समजत होते. कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण मी फक्त म्हाताऱ्या पुरुषांनाच विचारत हिंडले होते.

काशम्मांनी उजवा हात भात्यावर ठेवला आणि डावा स्वरांवर. पहिल्या क्षणी त्या गडबडल्या. घोडेस्वार त्यांच्या आठवणीत डावीकडून यायचा, तो उजवीकडून आला. “उलटंच चाललंय की समदं,” त्या पुटपुटल्या, आणि मग बोटांनी वाट धरली. ते कसं होतं हे मला नीट सांगता येत नाही, मी इतिहासाची शिक्षिका. एवढंच सांगते की दिवाण पत्र वाचत असताना त्या एकच स्वर धरून बसायच्या आणि आमच्या हातांना घाम सुटायचा. पत्र फाडलं की तो स्वर तुटायचा. मडिवाळप्पा डोळे त्यांच्या बोटांवर ठेवून मागोमाग येत होते. मास्तर शेजारी उभे राहून पाट्या म्हणत होते, आधी मराठीत, मग कानडीत, आणि आता त्यांचा आवाज अजिबात कापत नव्हता.

शेवटचं रीळ आलं. बाकीच्यांना गोष्टीची काळजी, मला त्या एका हाताची. गढीचा दरवाजा पडला. धूर. धुरातून राणी पुढे आली आणि तिने तलवार उपसली. उजव्या हाताने.

पेटी थांबली.

पाच, सहा, सात क्षण यंत्राच्या घरघरीशिवाय काही नाही. लोकांना वाटलं हे मुद्दाम आहे. मला काशम्मांचा चेहरा दिसत होता. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा डावा हात पेटीवरून खाली घसरून मांडीत पडला होता. मास्तरांनी पाटी म्हटली. तेव्हा काशम्मांनी हात वर घेतला, शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही.

माणसं पांगल्यावर काशम्मा तशाच पेटीपुढे बसून होत्या. “उजवी निघाली की,” त्या म्हणाल्या. मग भावाकडे बघून, “तुला ठावं हुतं?”

मास्तर खाली बघत म्हणाले, “पाट्या पाठ कराया पैल्या दिशी मी म्होरं बसलो हुतो. तवाच बघितलं.”

“मंग सांगितलं न्हाईस?”

“तू घरी येऊन नाचत हुतीस. राणी माज्यागत हाय म्हनून. आप्पाम्होरं डाव्या हातानं जेवलीस त्या रात्री. कसं सांगू?”

“तुमाला बी ठावं हुतं?” त्यांनी मला विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

काशम्मा उठल्या. “अण्णा, नाव तू नेलंस त्येचा राग न्हाय. ते मीच दिलं हुतं. पन ती राणी माजी हुती रे. येवढं येक तरी खरं असायला पायजे हुतं.” आणि पेटी तिथेच ठेवून एकट्या घरी निघून गेल्या. मास्तर त्यांच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालत गेले.

चित्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पुण्याला परत जायचं होतं. मी सकाळी आठलाच हुसेनभाईंना गाठलं. “हुसेनभाई, त्या दिवशीची चूक पुन्हा करता येईल? शेवटच्या रिळापुरती?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हसले. “चूक करने को मेरेकु कित्ता वखत लगता, बाई?”

काशम्मांना आणायला मला अर्धा तास हुज्जत घालावी लागली. पेटी न्यायला तरी चला, या सबबीवर त्या आल्या, भावाशी न बोलता. मास्तर मागच्या बाकावर बसले. खिडक्या लावल्या. लक्ष्मय्यांचा पडदा रात्रभरात वाळून कडक झाला होता.

दिवा लागला. पाटी आली, सगळी उलटी, कुणालाच वाचता न येणारी. मागच्या बाकावरून मास्तरांनी ती म्हटली, पाठ होती तशी, अडखळत. गढीचा दरवाजा पडला. धुरातून राणी आली आणि तिने डावा हात वर केला. तलवार चमकली.

काशम्मा पेटीशी बसल्या होत्या, पण वाजवत नव्हत्या. त्या नुसत्या बघत होत्या. हुसेनभाईंनी रीळ पालथं लावलंय हे त्यांना समजत होतं, त्या काही भोळ्या नव्हत्या. पण हळूहळू त्यांचा उजवा हात भात्यावर गेला आणि डावा स्वरांवर.

“अण्णा,” मान न वळवता त्या म्हणाल्या, “डावरी हाय न्हवं रे ती?”

काल चारशे माणसांसमोर खरं बोललेले सोमलिंग मास्तर बाकावरून उठले, पुढे येऊन बहिणीच्या शेजारी उभे राहिले आणि पडद्याकडे नीट निरखून बघत म्हणाले, “व्हय. डावरीच हाय की.”